बाहेरून लंगोट, आतून डायपर

गळती हा विषय माझ्यापुढे कोणी काढू नये. काढलाच, तर मी सहजासहजी सोडत नाही. गच्ची गळू दे, टाकी गळू दे, न्हाणीघराची भिंत ओली होऊ दे, मी भिंतीवर नुसता हात फिरवतो आणि पाणी कुठून येतंय ते सांगतो. वॉटरप्रूफिंग हा माझा धंदा. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माझी जाहिरातही चिकटवलेली आहे: ‘गळती? विसरा!’ खाली फोन नंबर. नाव मुद्दाम टाकलेलं नाही. काम बोललं पाहिजे, नाव कशाला, असं माझं मत होतं. होतं, म्हणजे मागच्या आठवड्यापर्यंत होतं.

तर आमच्या घरी बाळ आलं तेव्हा सगळ्यांनी मला घाबरवायचा प्रयत्न केला. म्हणे आता घरभर ओलं असेल, गाद्या वाळवत बसाल. मी हसलो. माणसं पोहण्याचे तलाव माझ्या भरवशावर भरतात, आणि मी ह्या हातभर जिवाला भिणार? आमच्या धंद्यात ज्याच्या घरी गळती, त्याला ‘मालक’ म्हणतात. म्हणून मी बाळाचं नाव मालकच पाडलं. नाव त्यांनी मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा सदरा, चादर, गादी आणि गादीखालची फळी ह्या क्रमाने भिजवली आणि मग जांभई दिली.

पण मुद्दा मालकांचा नाही, त्यांच्या आईचा आहे. माझी बायको कवळ्या बनवते. दातांच्या प्रयोगशाळेत मेण, प्लास्टर आणि चिमुकली हत्यारं घेऊन ती एकेक दात असा घडवते की, म्हातारी माणसं कवळी बसवून आरशापुढून हलत नाहीत. बाळंतपणाची रजा संपत आली तशी ती गप्प गप्प राहायला लागली. मला वाटलं दमली असेल. मग एकदा आंघोळीला गेलो आणि साबण हातात घेतला, तर ती दाढ होती. खरीखुरी दाढ, चार टोकांची, मधल्या खाचेसकट. केसांच्या पिनेने कोरलेली. मी ती दाढ हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. हिला कामावर परत गेलंच पाहिजे, हे मला त्या न्हाणीघरात कळलं.

तिच्या साहेबांनी सांगितलं, एक दिवस येऊन बघा, घरी जमतंय का तेही बघा, आणि संध्याकाळी हो किंवा नाही कळवा. तिच्या जागेवर यायला दुसरी बाई वाट बघत होती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात.

सांभाळणाऱ्यांची सोय झाली होती. सकाळी माझी आई, दुपारनंतर माझी मेहुणी. दोघी आनंदाने तयार झाल्या. मग कोणीतरी विचारलं की बाळाला घालायचं काय, आणि सगळं फिसकटलं.

तुम्हाला वाटेल, आई जुन्या वळणाची, ती कापडी लंगोटाच्या बाजूने असणार. साफ चूक.

“तुझे लंगोट धुतले, तुझ्या बहिणीचे धुतले, धाकट्याचे धुतले,” आई म्हणाली. “थंडीत बोटांना चिरा पडायच्या. तेव्हा फेकून द्यायचे डायपर असते ना, तर मी तुम्हा तिघांवर जरा जास्त प्रेम केलं असतं. ह्या घरात लंगोट दिसला की मी निघाले.”

मेहुणी रोपवाटिकेत काम करते. सकाळभर मातीत हात घालून असते, त्यामुळे मातीची बाजू घेऊन भांडते. तिने बाळाला कापडी लंगोटांचा गठ्ठा आणला होता, वर गोगलगाईंची चित्रं.

“भावोजी, तो डायपर मातीत मिसळेपर्यंत आपली पतवंडं म्हातारी होतील,” ती म्हणाली. “तुम्ही वापरा, माझं काही म्हणणं नाही. फक्त मी येणार नाही.”

म्हणजे डायपर आणला तर दुपार गेली आणि लंगोट आणला तर सकाळ गेली. अर्ध्या दिवसाच्या कवळ्या कोणी करून घेत नाही. मी बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नकोस,” ती म्हणाली. “दूध मी, लस मी, ताप मी, ढेकर मी. हे एक तू ठरव. घर कोरडं ठेवणं तुझा धंदा आहे ना?”

झालं. प्रश्न धंद्यावर आला. आता माघार घेतली असती तर लिफ्टमधला कागद काढून टाकावा लागला असता.

मी शास्त्रीय पद्धतीने सुरुवात केली. सोफ्याच्या एका उशीला लंगोट बांधला, दुसरीला डायपर, दोघींना टेबलावर बसवलं आणि तांब्याने पाणी ओतलं. लंगोटवाली उशी लगेच टेबलावर गळली. डायपरवाली सगळं पिऊन फुगून बसली. मालक हे सगळं माझ्या कडेवरून बघत होते. त्यांनी त्याच वेळी माझ्या कडेवर आपलाही एक प्रयोग केला.

ओल्या कुशीने विचार करताना मला साक्षात्कार झाला. आमच्या धंद्यात एका थरावर कोणी विसंबत नाही. दोन थर देतात. मग बाहेर लंगोट आणि आत डायपर, असं का नको? आईला वाटेल डायपर जिंकला, मेहुणीला वाटेल लंगोट जिंकला, बायको कामावर जाईल आणि मालक कोरडे राहतील. मी लगेच कामाला बसलो. डायपर लंगोटातून सरकू नये म्हणून दोघांच्या मध्ये आमची साइटवरची दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. ही पट्टी एकदा चिकटली की इमारत पडेल, पट्टी निघणार नाही. गिऱ्हाइकांना मी हे वाक्य नेहमी अभिमानाने सांगतो.

आईला मी म्हटलं, “डायपरच आहेत गं. हल्ली बाहेरचं कव्हर असं चित्रांचं येतं. नवीन मॉडेल.”

मेहुणीला म्हटलं, “लंगोटच आहेत. आत जरा जाड अस्तर दिलंय.”

दोघी खूश झाल्या. इतका सरळ तोडगा जगात कोणाला सुचला कसा नाही, ह्याचं मला नवल वाटलं.

तो दिवस उजाडला. बायको निघाली. दारात तीनदा वळली. तिने पिशवीत आपली हत्यारं घेतली होती आणि ती जरा हसत होती, खूप दिवसांनी.

“मी संध्याकाळी घरी येऊन आधी बघणार,” ती म्हणाली. “घर आणि बाळ ठीक दिसलं, तरच साहेबांना हो म्हणणार. उगाच मला बरं वाटावं म्हणून काही लपवू नकोस.”

“लपवण्यासारखं काही होणारच नाही,” मी म्हणालो. मी त्या दिवसापुरतं काम बंद ठेवलं होतं. बेत असा, की प्रत्येक ओला नग मी स्वतः ताब्यात घ्यायचा, आतला भाग फेकायचा, बाहेरचा धुवायचा आणि कोणाला काही कळू द्यायचं नाही.

पहिला नग आला. मी तो न्हाणीघरात नेला आणि लंगोट डायपरपासून सोडवायला लागलो. सुटेना. भिंतीला पाय लावून ओढलं. सुटेना. शेवटी डायपर फाटला आणि त्यातून बारीक, गिळगिळीत मणी बाहेर सांडले. पट्टी जागच्या जागी होती. माझीच पट्टी, मला तिचा अभिमान वाटावा की रडू यावं हे कळेना. मी मणी गोळा केले आणि विचार केला, दुपारी शांतपणे बघू.

पण सकाळ आईच्या हातात होती. आई मालकांना घाईघाईने बदलायची आणि काढलेला नग सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची. लंगोट, पट्टी, डायपर, सगळं एकत्र.

“अगं, जरा थांब, मी टाकतो,” मी म्हणायचो.

“तू कशाला? उचलायचं आणि फेकायचं, हेच तर सुख आहे,” आई म्हणायची आणि डब्याचं झाकण पायाने अशा तोऱ्यात दाबायची, की माझी पुढे बोलायची हिंमत व्हायची नाही.

दुपारी मेहुणी आली, आई गेली. मालक बराच वेळ किरकिरून माझ्या छातीवर पालथे झोपले. लहान मूल ज्यांनी झोपवलंय त्यांना सांगायला नको. अशा वेळी माणूस माणूस राहत नाही, पलंग होतो. नाक खाजलं तरी हात हलवायचा नाही. मी सोफ्यावर आडवा पडून छताकडे बघत होतो. मेहुणी स्वयंपाकघरात फळं कापत होती. साली टाकायला तिने कचऱ्याचा डबा उघडला असावा, कारण सुरीचा आवाज एकदम थांबला.

“भावोजी,” ती दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात एक नग होता आणि त्यावरची गोगलगाय माझ्याकडे बघत होती. “कापडी लंगोट कोणी कचऱ्यात टाकतं का?”

मी डोळ्यांनी मालकांकडे खूण केली. झोपलेत, बोलू नकोस.

“सगळे टाकलेत. एकूण एक. काकूंना नसेल माहीत. जाऊ दे, तुम्ही उठू नका, मी बघते,” ती कुजबुजली आणि गेली.

तिच्या चांगुलपणाने माझं मन भरून आलं. मग मला ऐकू आलं ते वॉशिंग मशीनचं झाकण. मग पाणी भरल्याचा आवाज.

“नको,” मी कुजबुजलो. मशीन न्हाणीघरात, मी दिवाणखान्यात. “बंद कर,” मी आणखी जोरात कुजबुजलो. मालकांनी भुवई हलवली. मी श्वास रोखला. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? ओरडलो असतो तर मालक उठले असते, आणि ते अर्धवट झोपेतून उठले तर संध्याकाळपर्यंत भोंगा बंद होत नाही. बायको दारात आली की पहिला तोच आवाज ऐकणार. मी पडून राहिलो. मशीन आधी गुणगुणलं, मग कण्हायला लागलं. मग मेहुणीची किंकाळी आली आणि मालक उठले ते उठलेच.

मी भोंग्यासकट न्हाणीघरात धावलो. मशीनमध्ये डायपर सगळे फुटले होते. पांढरे गिळगिळीत मणी झाकणातून वर येत होते. ते मशीनच्या नळीतून वाहत जमिनीवरच्या जाळीत जमले होते आणि जाळी तुंबली होती. पाणी चढत होतं. गोगलगाई मात्र जाग्यावर होत्या. पट्टी निघाली नव्हती.

“हे अस्तर आहे?” मेहुणीने विचारलं.

“तू बाळाला घे,” मी म्हणालो. “हे माझं क्षेत्र आहे.”

तुंबलेल्या जागी काय करायचं हे मला झोपेतही माहीत आहे. जोराचं पाणी मारायचं, घाण पुढे ढकलायची. मी नळाला पाइप लावला आणि जाळीवर धार सोडली. ज्या गोष्टीचा जन्मच पाणी पिऊन फुगण्यासाठी झालाय, तिला मी पाणी पाजत होतो. उशीवर प्रयोग करून हे मीच सिद्ध केलं होतं, पण ते तेव्हा आठवेल तर शपथ. मणी फुगले, न्हाणीघराचा उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आले, आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. बायको.

“कसं चाललंय?”

“कोरडं आहे सगळं,” मी म्हणालो. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

“आणि तो का रडतोय?”

“रडत नाहीये. गातोय.”

“माझ्या हाताला अजून सवय आहे रे,” ती म्हणाली. “मला भीती होती की विसरले असेन. आज पूर्ण जबडा केला.” एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी त्या पाण्यात उभा होतो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. तिचा पूर्ण जबडा झाला होता आणि मला एक लंगोट झेपला नव्हता.

तेवढ्यात आई परत आली. चष्मा विसरली होती. तिने पॅसेज पाहिला, मशीन पाहिलं, आणि दोरीवर टाकण्यासाठी मेहुणीने पिळून ठेवलेली एक गोगलगाय उचलली.

“हा लंगोट आहे,” आई म्हणाली.

“आणि ह्यात डायपर आहे,” मेहुणी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“मला म्हणालास, नवीन मॉडेल.”

“मला म्हणालात, जाड अस्तर.”

“अगं, पण तुम्हा दोघींना बरं वाटावं म्हणूनच मी...”

“तू बोलू नकोस,” आई म्हणाली.

त्या दोघी मालकांना घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. सकाळपर्यंत ज्यांचं एका बाबतीत पटत नव्हतं, त्यांचं माझ्याबाबतीत ताबडतोब पटलं. आतून आधी आवाज चढले, मग उतरले, मग चक्क हसू ऐकू आलं. मालकांचा भोंगाही बंद झाला. थोड्या वेळाने मेहुणीने दार किलकिलं केलं.

“ठरलं आमचं. सकाळी काकू असतील तेव्हा डायपर. दुपारी मी असेन तेव्हा लंगोट.”

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच. आम्हाला आधी कोणी एकत्र बसवलं असतं तर तेव्हाच ठरलं असतं. आणि काकू म्हणतात, लंगोट कोणी धुवायचे ते वेगळं सांगायला नको.” दार परत लागलं.

मी खराट्याने मणी ओढत राहिलो. बादल्या भरल्या, पातेली भरली, मालकांचा आंघोळीचा टब भरला. मणी कमी होत नव्हते. पाणी मात्र हळूहळू उतरायला लागलं आणि मला हुरूप आला. जाळी तर तुंबलेलीच होती, मग पाणी जातंय कुठे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. उभं आयुष्य मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलोय. कोपऱ्यात, पाइप जमिनीत शिरतो तिथे, एक बारीक भोवरा फिरत होता. तो सांधा मी स्वतः भरलाय. दहा वर्षांची हमी देऊन. हमी मला स्वतःलाच दिलेली असल्यामुळे तक्रार कुठे करायची, तेही कळेना. मी तिथेच बादलीवर बसलो.

बायको आली तेव्हा मी त्याच बादलीवर होतो. तिने पॅसेज पाहिला. पातेली पाहिली. दोरीवर ओळीने लटकलेल्या फाटक्या गोगलगाई पाहिल्या. आतल्या खोलीत जाऊन आली, पिशवी खुंटीला लावली, फोन घेतला आणि बाल्कनीत गेली. काचेपलीकडे ती साहेबांशी बोलताना दिसत होती, मान खाली घालून. संपलं, मी मनात म्हटलं. आता आमच्या घरात साबण कायमचा दाढेच्या आकाराचा असणार. मला उठून तिला सांगावंसं वाटलं की घाई करू नकोस, आणखी एक दिवस दे, पण कुठल्या तोंडाने सांगणार?

ती आत आली तोच दारावरची बेल वाजली. दारात खालचे काका होते. नुकतेच राहायला आलेले, घड्याळं दुरुस्त करतात, आणि त्यांच्याइतका हळू बोलणारा माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या हातात उघडी छत्री होती. ती ते घरातूनच उघडून आले होते.

“त्रास देतोय, माफ करा,” काका म्हणाले. “माझ्या टेबलावर वरून थोडं पाणी येतंय. म्हणजे पाणी असावं, त्यात मणी पण आहेत. तुमच्यावर राग नाही हो, तुमच्याकडेही काहीतरी बिघडलेलं दिसतंय. मी म्हटलं, आपण दोघं मिळून एखादा माणूस बोलवू. लिफ्टमध्ये तो कागद आहे ना, ‘गळती? विसरा!’ असा? कसा आहे तो माणूस, काही कल्पना?”

मी हातातला खराटा पाठीमागे धरला.

“नाव नाही टाकलेलं, म्हणून जरा शंका येते,” काका म्हणाले. “थांबा, लावूनच बघतो.” त्यांनी छत्री काखेत धरली आणि एकेक आकडा निरखून नंबर दाबला.

माझ्या खिशात फोन वाजायला लागला.

काका आपला फोन कानाला लावून धीराने उभे होते. माझा वाजतच होता. बायकोने माझ्या खिशात हात घातला, फोन काढला आणि उचलला.

“हॅलो,” ती समोर उभ्या असलेल्या काकांकडे बघत फोनमध्ये म्हणाली. “माफ करा काका, ते आज रात्रीच तुमचं छत करून देतील. उद्यापासून त्यांना वेळ नाही, त्यांना घरी लंगोट धुवायचेत. मी कामावर चाललेय.”